उजवीकडून डावीकडे

बर्डीच्या फुटपाथवरून आणलेलं,
झेरॉक्सचं, स्पायरल लावलेलं,
खंड चौथा. पहिले तीन मिळाले नाहीत.
दीडशे रुपये, आणि दुकानदार म्हणाला,
हे पोरींचं नाही.
मी म्हटलं, पिशवी द्या.

शेवटच्या पानापासून सुरू होतं ते.
उजवीकडून डावीकडे वाचायचं, जपानी रीत.
पहिल्या रात्री मान दुखली,
मग डोळ्यांनाच वळण लागलं.
पानंच्या पानं काळी. शाई बोटांना येते.
आई म्हणते, कोळशाच्या ट्रकवर चढली होतीस का?

त्यातल्या माणसाच्या तळहातात एक तोंड आहे.
दात बारीक, मरळ माशाचे असतात तसे.
रोज रात्री त्याला एक नाव खाऊ घालावं लागतं,
आणि खाल्लेलं नाव मग ह्याला आठवत नाही.
आईचं गेलं दुसऱ्या खंडात,
स्वतःचं त्याच्याही आधी.
त्या बदल्यात तो हात भुतं फाडतो.

चांगला नाही तो.
एका गावात ज्या म्हातारीने पाणी पाजलं
तिचंच नाव त्याने त्या रात्री वापरलं.
गाव वाचलं. गावाने दगड मारले.
त्याने एक दगड उचलला,
हातात जरा तोलला,
आणि परत फेकला. एका पोराला लागला.
त्या चौकटीवर मी किती वेळ थांबले होते
ते सांगता येणार नाही.

कॉलेजात शेंडे मॅडम म्हणाल्या,
इतकं काळंकुट्ट कशाला वाचतेस,
काही चांगलं वाच.
वाचलंय ना, मॅडम.
पाचवी ते दहावी चांगलीच माणसं होती,
प्रत्येकाच्या खाली स्वाध्याय,
आणि एकाच्याही नखांत काही नव्हतं.

माझ्या बाबाच्या नखांत असतं.
मारेगावच्या दवाखान्यामागे चीरघर आहे,
टिनाचं, बोरीच्या झाडाखाली.
डॉक्टर दारात रुमाल लावून उभे राहतात,
लिहून घेतात.
आत बाबा.
आधी क्वार्टर, मग छिन्नी, हातोडा,
मग दाभण आणि पोतं शिवायचा दोरा.
त्याच्या लक्षात नावं राहत नाहीत.
तो म्हणतो, करंटवाला. विहिरीतली.
तो हिरव्या बनियनचा पोट्टा.

लग्नाच्या पंगतीत त्याच्या बाजूची जागा
भाजी दुसऱ्यांदा फिरेपर्यंत रिकामी असते.
ज्यांच्या घरचं माणूस त्याने शिवून दिलं
तेही समोरच्या ओळीत बसतात.
मी नववीत मैत्रिणीला सांगितलं होतं,
बाबा हॉस्पिटलात आहेत.
खोटं नव्हतं.

बाबासारखा आहे म्हणून तो आवडतो,
असं कोणी म्हणेल.
नाही.
बाबा दगड परत फेकत नाही.
ताट उचलतो, नळावर जातो,
हात धुतो, पुन्हा धुतो.
मला वाटतं, एकदा फेकावा.
कोणालाही लागो.

परवा लाईट गेली.
मी टॉर्च लावून वाचत होते, बाबा येऊन बसला.
घरच्या साबणाचा वास, त्याखाली दुसरा.
दाखव, म्हणाला.
इंग्रजी त्याला येत नाही, चित्रं पाहू लागला,
आपण पाहतो तशी, डावीकडून.

त्या पानावर एक पोरगं मरतं.
कंदील घेऊन हसत येतं,
पाच चौकटींत भाला छातीत जातो.
मी दोनदा रडले होते त्या पानावर.

बाबाच्या बोटाखाली
पोरगं आधीच पडलेलं होतं.
मग भाला निघाला,
रक्त जिथून आलं तिथे गेलं,
पोरगं उठून बसलं, उभं राहिलं,
आणि शेवटी कंदील घेऊन हसत चाललं होतं.

वाचला पाय हा पोट्टा, बाबा म्हणाला.
मी काही बोलले नाही.

त्याने पान डोळ्यांजवळ नेलं,
छातीवरून अंगठा फिरवला, सावकाश,
काहीतरी शोधत.
पन टाके दिसून नाई राह्यले.
कोनं शिवलं याले?

मी टॉर्च जरा जवळ धरला.